तहरला झाडं नकोत

डोंगर बोडका दिसला की झाडं लावा, तिथल्या सगळ्या खुरवाल्या जनावरांचं भलं होईल, असं मानणारे पुष्कळ आहेत. सांबर काय, निलगिरी तहर काय, दोघंही चरणारे, रवंथ करणारे, बिबट्याचं भक्ष्य. मग एकाला मानवतं ते दुसऱ्याला का मानवू नये, असा त्यांचा सवाल. महाराष्ट्रात सांबर आहे, तहर नाही, त्यामुळे आपल्याला हा सवाल रास्तही वाटतो. पण हा समज साफ चुकीचा आहे आणि पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात तहरने त्याची किंमत मोजली आहे.

सांबर हरणाच्या कुळातलं. नराची शिंगं भरीव हाडाची. ती गळतात, पुन्हा येतात. धोका जाणवला की सांबर पाय आपटतं, ओरडतं आणि झाडोऱ्यात शिरतं. आडोसा हाच त्याचा बचाव. तहर मेंढ्या-बकऱ्यांच्या गोतातला. त्याची मागे वळलेली शिंगं नर-मादी दोघांनाही असतात, जन्मभर गळत नाहीत. कळप उघड्या गवतावर चरतो आणि बिबट्या लांबून दिसला की थेट कड्यावर जातो. खुराची कडा कठीण, आतली गादी मऊ, म्हणून उभ्या कातळावरही पाय ठरतो. तिथे बिबट्याची डाळ शिजत नाही. त्याच उतारावर वॉटल (बाभळीच्या जातीतलं परदेशी झाड) किंवा युकॅलिप्टसची दाटी केली की गवत मरतं, नजर अडते आणि लपायची सोय होते ती बिबट्याची. निलगिरी डोंगरांत इंग्रजांनी आणलेली ही झाडं स्वातंत्र्यानंतरही कातडी कमावण्याच्या सालीसाठी आणि लगद्यासाठी गवताळ माथ्यांवर लावली गेली.

एक हरकत मात्र वजनदार आहे: केरळातल्या एराविकुलममध्ये सांबरंही गवतावर चरतात. चरतात, पण घळीतलं दाट झाडीचं शोलावन त्यांच्या पाठीशी असतं. गवत गेलं तर सांबर पाल्यावर निभावेल. तहर निभावणार नाही. एराविकुलम १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. २,६९५ मीटर उंच अनैमुडीभोवतीचे माथे तिथे उघडे राहिले, म्हणूनच तहरची सर्वांत मोठी वस्ती तिथे टिकली. तमिळनाडूने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या तहर प्रकल्पातही गवताळ माथे पूर्ववत करण्याचं काम आहे.

हे काम चिवट आहे. वॉटल एकदा तोडून भागत नाही. मातीतलं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं, रोपं पुन्हा पुन्हा उपटावी लागतात. त्याला जंगलतोड म्हणून विरोध करणं थांबवा. त्या उपटणीला पैसा आणि माणसं द्या.