ठोकळे जोडून केलेला खेळ

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात एका रविवारी दिरांची मंडळी आमच्याकडे जेवायला होती. जेवणे आटोपली, बडीशेप फिरली, तेवढ्यात माझी सहावीतली मुलगी लॅपटॉप घेऊन पुढे आली. "दादा, बघ ना, मी गेम केलाय!" दादा म्हणजे दिरांचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा तिच्या लेखी तोच या विषयातला जाणकार. त्याने मिनिटभर पाहिले आणि हसला. "अगं, हे तर स्क्रॅच! नुसते ठोकळे जोडायचे. लहान मुलांचं असतं हे. खरं प्रोग्रॅमिंग टाइप करून लिहायचं असतं." सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले, आणि वर "चल, आवर ते, पाणी आण सगळ्यांना," असं म्हणून मोकळी झाले.

त्यानंतर तीन आठवडे तिने त्या खेळाला हात लावला नाही. विचारलं तर म्हणाली, "ते खोटं-खोटं असतं, आई. भातुकलीसारखं."

तेव्हा मात्र मला चुटपुट लागली. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. प्रोग्रॅमिंगचं मला काय कळणार? पण म्हटलं, निदान ठोकळे म्हणजे काय ते तरी पाहू. दुपारी ती शाळेत गेली की तिचा तो खेळ उघडून बसायचे.

ज्यांच्या घरी हे अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्क्रॅच हे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं साधन, 2007 साली सर्वांसाठी खुलं झालं. मुख्यतः आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी. फुकट आहे. एकेक आज्ञा रंगीत ठोकळ्यावर लिहिलेली असते: "दहा पावलं पुढे जा", "हे सतत करत राहा", "अमक्याला स्पर्श झाला तर". माऊसने ओढून ते एकाखाली एक अडकवायचे. जिथे बसू नये तिथे ठोकळा बसतच नाही, म्हणून स्वल्पविराम राहिला, कंस चुकला, असली रडारड नाही.

आता मुलीचा खेळ ऐका. गच्चीवर वीस पापड वाळत घातलेत. कावळे येतात. आजी काठी घेऊन हाकलते. ऊन उतरेपर्यंत किती पापड वाचले ते गुण. (आजीचं लुगडं हिरवं आहे. सासूबाईंनी ते लगेच ओळखलं!) मी खेळ सुरू केला, कावळा आला, पापडाला चोच लागली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वीसच्या वीस पापड गायब! मला वाटलं, मीच काही बिघडवलं. मग तिच्या वहीत सापडलं. पोरीने पेन्सिलने लिहून ठेवलं होतं की, "कावळा पापडाला लागला तर एक पापड कमी" ही आज्ञा "सतत करत राहा" या ठोकळ्याच्या पोटात आहे. कॉम्प्युटर ती सेकंदाला कितीतरी वेळा तपासतो. कावळा पापडावर सेकंदभर जरी टेकला, तरी दर वेळी एकेक पापड कमी. तिने काढलेला उपाय: चोच लागली की एक पापड कमी करायचा आणि त्याच क्षणी कावळ्याला परत आभाळाच्या कडेला पाठवायचं. उपाय वहीत होता, खेळात घालायचा राहिला होता. त्याआधीच तो रविवार आला.

मैत्रिणींनो, ही चूक ठोकळ्यांनी केली तरी तीच होते आणि टाइप करून केली तरी तीच. शोधायची रीतही तीच. मग खोटं ते काय?

मला आपली रांगोळी आठवली. छाप टाकून काढलेल्या रांगोळीला आपण नाकं मुरडतो, आणि ते अगदीच चूक नाही. त्यात हात दुसऱ्याचाच असतो. पण ठिपक्यांच्या रांगोळीला कोणी नावं ठेवतं का? ठिपके आखून मिळाले तरी कुठला कुठे जोडायचा ते आपणच ठरवायचं, आणि एक रेघ चुकली की सगळी नक्षी फिसकटते. स्क्रॅच मला ठिपक्यांसारखं वाटतं. दुसऱ्याचा तयार खेळ उचलून नुसता मांजरीचा रंग बदलला, तर तो मात्र छाप. तेवढा फरक आपण आयांनी ओळखायला हवा.

हे हिणवणं काही आजचं नाही बरं का! 1945-46 च्या सुमारास अमेरिकेत एनिअ‍ॅक नावाचा खोलीभर कॉम्प्युटर होता. त्याचं प्रोग्रॅमिंग सहा स्त्रिया तारा जोडून आणि बटणं फिरवून करत. तेव्हा ते किरकोळ काम समजलं जाई, म्हणून तर बायकांकडे आलं. पुढे 1952 च्या सुमारास ग्रेस हॉपर या बाईंनी माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या आकड्यांत आपोआप बदलून देणारी युक्ती केली, तर त्यावर कोणी विश्वास ठेवीना. इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहू द्या म्हणाल्या, तर कॉम्प्युटरला इंग्रजी कुठं कळतं, असं त्यांना ऐकवलं गेलं. आज आमचा पुतण्या ज्या शब्दांत "खरं" प्रोग्रॅमिंग लिहितो, ते असे शब्दच आहेत! 1964 साली नवशिक्यांसाठी बेसिक ही भाषा निघाली, तर डाइक्स्ट्रा नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने 1975 साली लिहून ठेवलं की बेसिक शिकलेल्या मुलांची डोकी कायमची बिघडतात. ती मुलं पुढे कॉम्प्युटर चालवत राहिलीच.

आणि खेळांचं म्हणाल, तर सोप्या साधनांनी केलेले खेळ जगभर गाजले आहेत. "अंडरटेल" हा 2015 चा खेळ गेममेकरमध्ये केलेला; ते साधन एका डच प्राध्यापकाने 1999 साली काढलं आणि त्यालाही पोरांचं खेळणं म्हणत. 2014 चा "फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज" एका माणसाने एकट्याने केला. त्याच्या साधनात हिशेबाच्या वहीसारखे तक्ते असतात. डाव्या बाजूला "असं झालं तर", समोरच्या घरात "हे कर". ऑस्ट्रेलियातल्या मोजक्या लोकांनी केलेल्या "हॉलो नाइट"मधले (2017) शत्रू कसे वागतात, तेही पुष्कळसं चौकटी आणि बाण जोडूनच ठरवलेलं आहे. खेळणाऱ्यांपैकी कोणी विचारत नाही की आत ठोकळे आहेत की अक्षरं.

पुतण्याचं काहीच खरं नाही असं मी म्हणणार नाही. खेळ मोठा झाला की ठोकळ्यांचा पसारा होतो. कुठली माळ कुठे आहे ते सापडेनासं होतं. मोठी कामं लिहूनच होतात, आणि मुलीला आवड राहिली तर तिलाही ते शिकावं लागेलच. पण पुढची पायरी आहे म्हणून पहिलीला लाथ मारायची का? पाचवीच्या पोराचा चार ओळींचा निबंध वाचून मी त्याला "ही काही कादंबरी नव्हे" म्हणत नाही.

तेव्हा तुमच्या घरी असा खेळ दाखवायला कोणी आलं, तर "छान हं" म्हणून उठू नका. एवढंच विचारा, "त्या कावळ्याला कसं कळतं?" बघा, पोर कशी सांगत सुटते. आणि क्लासला घाईघाईने पैसे भरू नका. जुना लॅपटॉप पुरतो, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. क्लासच्या फीपेक्षा तुमची अर्धा तासाची बैठक जास्त उपयोगाची, असं माझं तरी मत झालंय.

गेल्या आठवड्यात मी तिला सरळच सांगितलं, "मी तुझा खेळ खेळले. माझे सगळे पापड एका कावळ्याने खाल्ले. आणि त्या दिवशी मी हसायला नको होतं." ती आधी माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "तू माझी वही वाचलीस?" त्यावरून थोडी चकमक झाली. ती बरोबरच होती, वही मी विचारून घ्यायला हवी होती. पण संध्याकाळी पाहिलं तर बाईसाहेब लॅपटॉपपुढे, आणि सासूबाई शेजारी खुर्ची ओढून कावळे मोजतायत.

दिवाळीत पुतण्या आला की त्यालाही खेळायला बसवायचं आहे. तोवर दुसरी पातळी तयार हवी म्हणे: पाऊस सुरू झाला की पापड एकेक करून आत आणायचे. पावसाच्या सरी तिरक्या कशा पाडायच्या, ते अजून आम्हा दोघींनाही जमलेलं नाही.