अर्ज कोणाचा?

दहावीचा निकाल लागला की धर्मग्राम कार्यालयापुढे रांग लागते. बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो. कारण ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालयांत आपल्या समाजासाठी जागा राखीव असतात आणि उमेदवार कॅथलिक आहे हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. ती हक्काची गोष्ट आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा. आमची तक्रार निराळीच आहे. या रांगेत आई असते, वडील असतात, क्वचित धर्मपिताही असतो. ज्याच्या नावाचा दाखला हवा तो मुलगा मात्र नसतो. "तो घरी आहे, फादर. त्याला यातले काही कळत नाही."

कळत नाही, कारण कळू दिले जात नाही. अकरावीचे प्रवेश मुंबई परिसरात २००९ पासून ऑनलाइन झाले. २०२५ मध्ये ती पद्धत साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली. अर्जाच्या पहिल्या भागात नाव, गुण, आरक्षण. दुसऱ्यात शाखा आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम, जास्तीत जास्त १०. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होतो. तेव्हा पहिल्या ओळीत काय लिहावे हे काही कारकुनी काम नव्हे. आणि ती ओळ कोण भरतो? सायबर कॅफेतला इसम, वडिलांच्या सांगण्यावरून. आणि वडिलांना ते सुचवलेले असते कचेरीतल्या एखाद्या सहकाऱ्याने. पासवर्ड आईच्या मोबाईलमध्ये!

पालकांनी मदत करू नये, असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले, ते योग्यच होय. पण शिक्षक विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका स्वतः लिहीत नाही. गतवर्षीच्या कट-ऑफची यादी मुलासोबत बसून वाचावी. वसईहून चर्चगेटला सकाळच्या गर्दीत रोज जाणे झेपेल काय, हे पाहण्यासाठी एकदा त्याच्याबरोबर गाडीत उभे राहावे. घरात फीसाठी पैसा किती आहे, हेही त्याला निःसंकोच सांगावे; पंधरा वर्षांच्या मुलाला ते समजते. आणि विज्ञान शाखेच्या नावाखाली नाव महाविद्यालयाच्या पटावर अन् देह दिवसभर क्लासमध्ये, हा व्यवहार त्याला मान्य आहे का, हे विचारावे. विचारणे एवढेच तर करायचे आहे!

विवाहापूर्वी आम्ही वधूला व वराला वेगवेगळे बसवून विचारतो: कोणाच्या दडपणाखाली तर नाही ना? आम्हांला गुरुदीक्षा मिळण्यापूर्वी आम्ही स्वेच्छेने येत आहोत, असे निवेदन स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे लागले. १९८३ च्या धर्मसंहितेचे १०३६ वे कलमच तसे आहे. ख्रिस्तसभा इतकी सावध असताना आपल्या घरांत मात्र मुलाची पुढली वाट त्याच्या पाठीमागे ठरते, आणि त्याला आपण माया म्हणतो.

आम्हीही निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांना आम्ही दोन मिनिटांत दाखला सही करून दिला. त्यांचा मुलगा बाहेर स्कूटरवर बसून होता. खिडकीतून तो दिसत होता, पण बाहेर रांग मोठी होती आणि आम्हांला एका अंत्यविधीला जायचे होते. डिसेंबरात तोच मुलगा एकटा आला. सहामाहीत तो भौतिकशास्त्रात व गणितात नापास झाला होता. "फादर, पहिल्या नंबरवर काय लिहिलेय ते मला अॅडमिशन झाल्यावर कळले," तो म्हणाला. त्याला कला शाखा हवी होती. ती त्याने पुढच्या जूनमध्ये घेतली, एक वर्ष गमावून. वडील अजून त्याच्याशी मोजकेच बोलतात; आमच्याशी तेवढेही नाही.

म्हणून येत्या निकालापासून आमचा नियम असा: दाखला उमेदवाराच्याच हाती मिळेल. हे जाहीर करताच एका पालकाने धर्मग्राम परिषदेत विचारले, "फादरना प्रवेशाशी काय करायचे?" दाखल्यावर सही आमची असते, हे आमचे उत्तर. आईवडिलांनी खुशाल सोबत यावे, बाहेरच्या बाकावर बसावे. आम्ही मुलाला एकच प्रश्न विचारू: पहिल्या पसंतीला काय लिहिलेस, आणि का? उत्तर कोणतेही असो, दाखला मिळेल. उत्तरच नसेल, तर त्याने घरी जाऊन आईवडिलांशी बोलावे व दुसऱ्या दिवशी यावे. कार्यालय सायंकाळी सहा ते आठ उघडे असते.