मुका मार स्वतःहून बोलत नाही



गाडीला अपघात झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुणाला लागलं नाही ना?" उत्तरही ठरलेले असते, "देवाची कृपा, साधं खरचटलंसुद्धा नाही!" मग मुलांची दृष्ट काढली जाते, चहा होतो आणि गाडीच्या विम्याचे बोलणे सुरू होते. माझे मत असे आहे की, बेल्ट लावून बसलेल्या मुलाबद्दल हे उत्तर इतक्या घाईने देऊ नये. आधी मुलाचा शर्ट वर करून पोट बघा.

मराठीत 'मुका मार' हा फार नेमका शब्द आहे. वरून जखम नाही, रक्त नाही, पण आत मार बसलेला असतो. सीटबेल्टमुळे होणारी दुखापत याच जातीची. डॉक्टरांना ती नवीन नाही. १९६२ सालीच वैद्यकीय लिखाणात तिला 'सीटबेल्ट सिंड्रोम' असे नाव मिळाले. आपल्या घराघरांत मात्र ती अजून पोहोचलेली नाही.

मुलांनाच धोका जास्त का?

बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने बनवलेला असतो. मोठ्यांच्या कमरेच्या हाडाला पुढे उंचवटे असतात, त्यांवर बेल्टचा खालचा पट्टा अडकून राहतो. लहान मुलांचे हे उंचवटे पुरते तयार झालेले नसतात. त्यातच मूल सीटवर पुढे घसरून बसते, म्हणजे गुडघे मोडून पाय खाली सोडता येतात. अशा वेळी पट्टा कमरेवरून सरकून मऊ पोटावर येतो. जोरात धडक बसली की शरीर पट्ट्यावर पुढे दुमडते आणि आतडे पट्टा व पाठीचा कणा यांच्यामध्ये दाबले जाते. आतडे फुटू शकते, त्याला रक्त पुरवणारा पडदा फाटू शकतो, कमरेच्या मणक्यालाही इजा होऊ शकते. खांद्याचा पट्टा मानेवर आला तर मानेतल्या रक्तवाहिनीला धोका असतो. मुलांच्या बरगड्या लवचीक असतात, त्यामुळे बरगडी न मोडताही फुप्फुसाला मार बसू शकतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. यकृत किंवा प्लीहा फाटून रक्तस्राव झाला तर मूल लवकर कोमेजते. आतड्याला बारीक छिद्र पडले असेल तर पहिले काही तास मूल हसते-खेळते असू शकते. त्रास वाढतो तो त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतरही. कधी कधी पहिल्या तपासणीत, अगदी सोनोग्राफीतही काही सापडत नाही. म्हणून डॉक्टर "एक दिवस निरीक्षणाखाली ठेवू" म्हणतात. तेव्हा "उगाच बिल वाढवतात" असे समजून मुलाला घरी आणू नये.

काय बघायचे?

१. पोटावर, छातीवर किंवा मानेवर पट्ट्यासारखा आडवा-तिरका लाल वा निळसर वळ. पोटावर असा वळ दिसला तर मूल कितीही बरे दिसो, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.
२. पोटदुखी, उलट्या, पोट फुगणे, पोटाला हात लावू न देणे.
३. वाकून चालणे, पाठ किंवा कंबर दुखणे, पायांना मुंग्या येणे, पाय लुळे वाटणे.
४. लघवीतून रक्त जाणे, किंवा लघवीच न होणे.
५. श्वास घेताना दुखणे, धाप लागणे.
६. अंग थंड व फिकट पडणे, सुस्ती, ताप.
७. बोलताना अडखळणे, चेहऱ्याची एक बाजू ओघळणे.

यातले एकही लक्षण दिसले तरी थांबू नका. वळ नसला तरी त्रास असेल तर तपासणी हवीच.

आता आपल्या घरगुती सवयींबद्दल स्पष्टच बोलते. पोट दुखले की ओवा, बेंबीला हिंग, तेलाने चोळणे. कंबर दुखली की "लचक भरली असेल" म्हणून कुणाकडून तरी दाबून घेणे. एरवीचे एरवी, पण अपघातानंतर यातले काहीही करू नये. मणक्याला इजा असेल तर चोळल्याने ती वाढू शकते. पोटात दुखत असेल तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. मनाने वेदनाशामक गोळीही देऊ नका. अपघाताच्या जागीच मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल तर मुलाला उचलून बसवू नका, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना मूल कुठे बसले होते, बेल्ट कसा लावला होता हे जरूर सांगा.

शाळेचे काम

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपते, गावाहून परतताना गाडीला धडक बसलेली असते आणि दुसऱ्या दिवशी मूल वर्गात हजर असते. आईवडील काही कळवत नाहीत, कारण 'काही झालेलंच नाही'. मूल डबा तसाच परत नेते, खेळाच्या तासाला बसून राहते, "बाई, पोटात दुखतंय" म्हणते. आपल्याला हे वाक्य इतक्यांदा ऐकावे लागते की तो बहाणा वाटतो. अशा वेळी एकच प्रश्न वाढवावा, "कालपरवा कुठं पडलास का? गाडीला काही झालं होतं का?" कित्येक मुले घरच्यांच्या धास्तीने किंवा इंजेक्शनच्या भीतीने दुखणे लपवतात. बाईंना मात्र सांगून टाकतात. उत्तर 'हो' आले तर पालकांना लगेच बोलवावे, शाळा सुटायची वाट बघू नये. पालकांनीही अपघात किरकोळ असला तरी वर्गशिक्षकांना कळवावे.

"बेल्टनेच लागतं, तर बेल्ट लावायचाच कशाला?" असे कुणी म्हणेल. हा निष्कर्ष घातक आहे. बेल्ट नसलेले मूल समोरच्या सीटवर, काचेवर आपटते किंवा बाहेर फेकले जाते. २०२२ साली पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा देशभर झाली. कायद्यानेही, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा मुलांचे खास आसन नसेल तर १००० रुपये दंड आहे.

दोष बेल्टचा नसतो, तो चुकीच्या जागी बसण्याचा असतो. अगदी लहान मुलाला त्याच्या मापाचे आसन, पुढे साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत उंच करणारे बूस्टर आसन द्यावे. खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाशी आणि वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध हवा. तो काखेतून किंवा पाठीमागून घेऊ नये. एका बेल्टमध्ये दोन मुले नकोत. मुलाला मांडीवर घेऊन दोघांभोवती एकच बेल्ट तर मुळीच नको, धडकेत मोठ्या माणसाचे सगळे वजन त्या मुलावर येते.

पुढच्या पालकसभेत गुण आणि गृहपाठाच्या जोडीला या विषयासाठी दहा मिनिटे काढू या. फळ्यावर एक आकृती काढली तरी पुरे, बेल्ट कुठे असावा आणि वळ कुठे दिसतो. मोठ्या माणसाला कुठे दुखते ते सांगता येते. लहान मुलाचे दुखणे मात्र आपल्यालाच शोधावे लागते.