करपट चव आणि ओहमचा नियम

गेल्या शनिवारी सकाळी चहा टाकत होतो तेवढ्यात आमच्या सांगलीकराचा फोन आला. हा माझा जुना रूममेट. तो आता रेडिंगला असतो, मी मँचेस्टरला. हवापाणी, ऑफिस, सांगलीचा पूर वगैरे झाल्यावर एकदम म्हणाला, "अरे, मी परत ओढायला लागलोय."

सात महिने झाले होते हो त्याला सिगरेट सोडून! दिवसाला पंधरा ओढणारा माणूस. मी विचारलं, टेन्शन आहे का काही? तर म्हणे, "टेन्शन कसलं डोंबलाचं. दर तीन दिवसांनी कॉइल करपते. घशात जळका कापूस कोंबल्यासारखं होतं. त्यापेक्षा सिगरेट बरी, ती निदान जळायलाच बनवलेली असते."

विनोद चांगला होता. हसू मात्र आलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मीही नेमका ह्याच कारणासाठी ऑफिसच्या मागच्या दारात, पावसात, एका सहकाऱ्याकडे सिगरेट मागत उभा होतो.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. ज्यांनी कधी सिगरेट ओढली नाही त्यांनी व्हेपच्या वाटेला जायचं काहीच कारण नाही. आणि भारतात २०१९ पासून कायद्यानेच ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण सगळं बंद आहे, तेव्हा पुण्याला जाताना बॅगेत टाकून नेण्याचा शहाणपणाही करू नका. हे सगळं इंग्लंडात राहून सिगरेट सोडू पाहणाऱ्या आमच्यासारख्यांबद्दल चाललंय. असो.

तर माझी चूक. माझ्याकडे दोन सेलचा एक ठोकळा होता. त्यात ०.३ ओहमची कॉइल, ३५ वॅटवर मजेत चाललेली. ती संपली म्हणून दुकानातून ०.६ ओहमची आणली, बसवली, टाकी भरली आणि लगेच ओढली. वॅट तेच ठेवले. पहिल्याच झुरक्याला डोळ्यांत पाणी! मी ज्यूसला शिव्या दिल्या, नवीन बाटली आणली. मग कॉइल खराब म्हणून दुसरी बसवली, तीही करपली. चौथ्या दिवशी तो पाऊस आणि ती सिगरेट. बग आपल्या कोडमध्ये असताना तीन दिवस लायब्ररीला दोष देणाऱ्या ज्युनिअरची मी किती टिंगल केली असेल, आठवून लाज वाटली.

नव्या कॉइलच्या बाजूवर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलं होतं: १५ ते २० वॅट.

आतमध्ये असतं काय? एक रोध असलेली तार किंवा जाळी, तिच्याभोवती कापूस, आणि कापसाने शोषलेला द्रव. तार तापते, द्रवाची वाफ होते, आणि वाफ होताना तो तारेची उष्णता घेऊन जातो. म्हणजे द्रव हाच तिथला कूलंट. वाफ होण्याचा वेग कापसाच्या शोषण्याच्या वेगापेक्षा वाढला की कापूस कोरडा पडतो, तापमान भसकन चढतं आणि कापूस भाजतो. आई म्हणायची ना, दूध एकदा तळाला लागलं की वरून कितीही वेलची घाला, वास जात नाही. कापसाचंही तसंच. एकदा भाजला की तो पुन्हा पांढरा होत नाही. वॅट कमी करून, टाकी धुऊन काही फरक पडत नाही, कॉइल बदलायची.

दहावीत विभवांतराचा वर्ग भागिले रोध हे सूत्र घोकलं होतं, ते आयुष्यात इथे कामाला आलं. भरलेल्या लिथियम सेलचे ४.२ व्होल्ट. साध्या, नियंत्रण नसलेल्या उपकरणात १.२ ओहमची कॉइल असेल तर भरलेल्या सेलवर साधारण १४.७ वॅट मिळतात, आणि संध्याकाळी सेल ३.३ व्होल्टवर आला की जेमतेम ९. म्हणून काही लोक सांगतात की सकाळी चार्ज केल्यावर घसा जळतो आणि रात्री नुसती कोमट हवा येते. त्यांना भास होत नसतो, गणितच तसं आहे. नियंत्रण असलेल्या उपकरणात सर्किट वॅट स्थिर ठेवतं, पण त्याची किंमत सेल मोजतो: ४० वॅट द्यायला ४.२ व्होल्टवर साडेनऊ अँपिअर पुरतात, ३.३ वर बारा लागतात. आणि ०.१५ ओहमची कॉइल नियंत्रणाशिवाय थेट सेलवर लावणारे जे वीर आहेत, त्यांच्या सेलमधून २८ अँपिअर मागितले जातात. इतकी धारा सतत देण्याची बहुतेक सेलची ताकद नसते. तिथे प्रश्न चवीचा राहत नाही. (बाजारात ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० सेल दिसतात. त्या आकारात एवढी क्षमता मावतच नाही. ज्याने तो आकडा छापला त्याने अँपिअरचा आकडा खरा छापला असेल का, तुम्हीच ठरवा. आणि सुटे सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका, डबीत ठेवा.)

आता माझं खरं म्हणणं. ही करपट चव म्हणजे एरर मेसेज आहे, आणि आपण सगळे मिळून तो दाबायच्या मागे असतो. कॉइल साधारण तीन पौंडाची, म्हणून "अजून दोन दिवस चालवू". वास झाकायला अजून गोड ज्यूस. त्यातलं सुक्रालोज तारेवर काळा थर चढवतं, म्हणजे पुढची कॉइल आणखी लवकर मरते. रिकामा कॅच ब्लॉक लिहिण्यातला हा प्रकार आहे. २०१५ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र आलं होतं: ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सापडलं नाही, ५ व्होल्टवर भरपूर सापडलं. मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅडिक्शन ह्या नियतकालिकात दाखवलं की असली द्रव्यं जास्त प्रमाणात बनतात ती कोरड्या झुरक्यात, आणि सरावलेली माणसं तो झुरका चवीवरून लगेच ओळखतात नि टाळतात. दोन्ही बाजूंनी आपापला विजय जाहीर केला. मला मात्र त्यातून एवढंच दिसतं की इथला एकमेव सेन्सर म्हणजे आपली जीभ. तिचं न ऐकता तीन पौंड वाचवणारा माणूस नेमकं ते पितोय, जे टाळायला त्याने सिगरेट सोडली होती.

आणि दुकानदार? माझ्या अनुभवात तो आधी फ्लेवर विचारतो. आंबा की पुदिना. दिवसाला किती ओढत होता, हे विचारत नाही. एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर इथे जून २०२५ पासून बंदी आली. बंदी मला पटते, पण त्या काळात सवय लागलेल्या लोकांनी कधी कॉइल पाहिलेलीच नाही. त्यांच्या हातात आता वॅटची बटणं आली आहेत. नवी कॉइल बसवली की कापसावर चार थेंब टाकून, टाकी भरून दहा मिनिटं थांबायचं, हे त्यांना कोण सांगणार?

सांगलीकराला व्हिडिओ कॉलवर घेतलं. म्हटलं, कॉइल काढ आणि चष्मा लावून वाच. ०.८ ओहम, १२ ते १६ वॅट. पडद्यावर? २०.

"अरे पण १४ वर काही लागतच नाही रे!"

इथे खरी गोम होती. दिवसाला पंधरा सिगरेटींवरून आलेला हा गडी ३ मिलिग्रॅम निकोटिनचा ज्यूस ओढत होता. तलफ भागेना म्हणून वॅट वाढवले, वॅट वाढवून भागेना म्हणून झुरक्यावर झुरके. वर ज्यूस सत्तर टक्के ग्लिसरीनचा, काकवीसारखा घट्ट, तो असल्या बारीक भोकाच्या कॉइलमध्ये शिरणार कधी? तीन कारणं, आणि तिन्ही एकमेकांना खतपाणी घालणारी. त्याला हवं होतं निकोटिन आणि तो वाढवत होता उष्णता. इथे कायद्याने २० मिलिग्रॅमपर्यंत मिळतं. मी काही डॉक्टर नाही, म्हणून त्याला सरकारी धूम्रपानमुक्ती सेवेचा पत्ता दिला, सल्ला फुकट असतो तिथे. तोवर निम्मं-निम्मं मिश्रण असलेला पातळ ज्यूस, १३ वॅटपासून सुरुवात, आणि दोन झुरक्यांत जरा दम धर, एवढं सांगितलं.

काल रात्री त्याचा मेसेज आला. सहावा दिवस, तीच कॉइल. सिगरेटचं पाकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे, त्यात सात उरल्यात. फेकून दे म्हटलं, तर उत्तर अजून आलेलं नाही.