विल्यम स्टिल यांची नोंदवही

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. हे आपल्या शिबिरांत सांगितलं जातं आणि सांगायलाच हवं. पण त्यातून पोरांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसतं की गोरे सज्जन पुढे आले, मग लिंकन आले आणि काळे गुलाम सुटले. हे चित्र अर्धवट आहे. 'गुलामगिरी'च्या एकच वर्ष आधी, १८७२ मध्ये, फिलाडेल्फियात विल्यम स्टिल या काळ्या माणसाचा जाडजूड ग्रंथ निघाला, 'द अंडरग्राउंड रेलरोड'. त्यातले नायक पळून आलेले गुलाम स्वतः आहेत.

स्टिल १८२१ चे, न्यू जर्सीत जन्मलेले, अठरा भावंडांत धाकटे. वडिलांनी स्वतःची सुटका विकत घेतली होती. आई मेरीलँडहून पळाली तेव्हा दोन मुली घेऊन आली, दोन मुलगे मागे राहिले. १८४७ मध्ये स्टिल पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेत कारकून म्हणून लागले. झाडलोटही त्यांच्याकडेच. (संस्था गुलामगिरीविरोधी, झाडू मात्र काळ्याच्याच हातात. असो.)

ऑगस्ट १८५० मध्ये पीटर नावाचा एक पन्नाशीचा माणूस त्या कचेरीत आला. अलाबामात त्याने स्वतःची किंमत मोजून सुटका मिळवली होती आणि आता तो आईबापांना शोधत होता. त्याने नावं सांगितली. ती स्टिल यांच्याच आईबापांची होती. चाळीसहून जास्त वर्षं मागे राहिलेला सख्खा भाऊ समोर बसला होता!

पुढे १८५२ पासून दक्षता समितीची सूत्रं स्टिल यांच्याकडे आली. पळून आलेल्यांना निवारा, पैसे, कॅनडापर्यंतची वाट, हे सगळं समिती बघायची. त्याबरोबर स्टिल प्रत्येकाला बसवून विचारत: नाव काय, नवं नाव काय घेतलं, मालक कोण, मारत होता का, मागे कोण राहिलं? शेकडो लोकांचं असं टिपण त्यांनी केलं, कारण उद्या कुणी पीटरसारखा शोधत आला तर धागा सापडावा.

'लिहिलेलं सरकारच्या हाती लागतं' असं आपले काही कार्यकर्ते म्हणतात. स्टिल यांच्यापुढे १८५० चा कायदा होता. पळालेल्याला लपवलं तर सहा महिने तुरुंग आणि हजार डॉलर दंड. तरी त्यांनी लिहिलं आणि कागद कब्रस्तानाच्या इमारतीत दडवून ठेवले. पुढे १८९८ मध्ये या विषयावरचा मोठा इतिहास आला तो बहुतांशी गोऱ्या कार्यकर्त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या आठवणींवर. साहजिकच त्यात गोरे मदतनीस मोठे झाले. स्टिल यांच्या नोंदी नसत्या तर पळणाऱ्यांचं धाडस कुठून कळलं असतं? नामांतराच्या लढ्यात घरं जळालेल्या किती आयाबायांचं म्हणणं आपण स्वतः बसून लिहून घेतलं? मोर्चांचे फोटो भरपूर आहेत.

स्टिल नुसते नोंदी करणारेही नव्हते. फिलाडेल्फियाच्या ट्रामगाड्यांत काळ्यांना आत बसू देत नसत, त्याविरुद्ध १८५९ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. १८६७ मध्ये राज्याने कायदा करून ती बंदी उठवेपर्यंत ते त्यामागे होते. कोळशाचा धंदा करून पैसाही कमावला. आणि ग्रंथ निघाल्यावर तो दुकानात धूळ खात पडू दिला नाही. एजंट नेमून घरोघरी विकायला लावला.