परीक्षा कुत्र्याची की धन्याची?

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यात, लोहे तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव घोडे, गाढवे व उंट ह्यांच्या बाजारासाठी दूरदूर ख्यात आहे. परंतु जिल्हा परिषदेच्या वतीने तेथे अश्व व कुक्कुट ह्यांच्या जोडीने श्वानांचेही प्रदर्शन भरविले जाते, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. खंडोबाच्या दारी कुत्र्यास मान मिळावा ह्यात नवल ते काय? देवाच्या मूर्तीपाशी कुत्रा असतोच, आणि देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात त्याचे वाघ्ये पिढ्यान्‌पिढ्या भूषण मानीत आले आहेत.

अशा प्रदर्शनात काय पाहतात हे सांगण्यास फार शब्द नकोत. छाती खोल आहे काय, पोट आत ओढलेले आहे काय, पाय सरळ आहेत काय, दात, डोळे व कांती निरोगी आहेत काय, हेच मुख्यतः पाहावयाचे. लातूर-नांदेडकडील कारवानी कुत्रा ह्या कसोटीस झकास उतरतो. सडपातळ अंग, लांब मुस्कट, आणि ससा उठला की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अर्धे शेत मागे टाकणारी धाव, ही त्याची लक्षणे. ह्याच घडणीच्या, पण कानाशेपटीवर रेशमासारखे केस असलेल्या कुत्र्यास पश्मी म्हणतात. कारवानी जातीची नोंद ‘केनेल क्लब ऑफ इंडिया’ ही संस्था ‘कॅरव्हान हाउंड’ ह्या नावाने करते, तर ‘इंडियन नॅशनल केनेल क्लब’ ‘मुधोळ हाउंड’ म्हणून करते. २००५ साली टपालखात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचे चित्र होते. म्हणजे रूपाचा व कुळाचा गौरव पुरेसा झाला. तथापि प्रदर्शनात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो: हा कुत्रा हाक मारल्यावर येतो काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या स्पर्धा निराळ्या असतात. त्यांस आज्ञापालनाच्या स्पर्धा म्हणता येईल. इंग्लंडात अशा परीक्षा चालत, त्या पाहून अमेरिकेत न्यूयॉर्कजवळील माउंट किस्को ह्या गावी हेलन व्हाइटहाउस वॉकर नामक बाईंनी १९३३ साली तशी पहिली स्पर्धा भरविली. त्या पूडल जातीची कुत्री पाळीत. कुरळे केस नक्षीदार कातरलेली ही कुत्री म्हणजे शोभेची बाहुली, असा लोकांचा समज होता. तो खोटा ठरवावा हा बाईंचा हेतू. १९३६ साली अमेरिकन केनेल क्लबाने ह्या परीक्षांचे नियम अधिकृत केले. इंग्लंडातील क्रफ्ट्स ह्या विख्यात श्वानप्रदर्शनात आज्ञापालनाच्या अजिंक्यपदाची स्पर्धा १९५५ साली आली.

परीक्षेचे स्वरूप वरवर पाहता फार सोपे आहे. प्रथम कुत्रा धन्याच्या डाव्या पायाशी चालतो. पंच सांगेल त्याप्रमाणे धनी डावीकडे, उजवीकडे, मागे वळतो, पावले जलद किंवा मंद करतो, मध्येच थांबतो. धनी थांबला की कुत्र्याने न सांगता बसावयाचे. मग हेच सारे दोरी सोडून. नंतर कुत्र्यास एका ठिकाणी बसवून धनी दूर जातो आणि तेथून हाक मारतो. कुत्र्याने सरळ येऊन पुढ्यात बसले पाहिजे. पुढील वर्गांत लाकडी डंबेल फेकून ते आणावयास लावतात. अनेक कुत्री एका रांगेत बसवून किंवा निजवून ठेवतात व धन्यांस दूर उभे करतात. इंग्लंडातील वरच्या वर्गात तर धनी दृष्टिआड जातो, आणि कुत्र्यास १० मिनिटे जागचे हलता येत नाही. शेजारचा कुत्रा उठला तरी आपण उठावयाचे नाही, ही परीक्षा मनुष्यांच्या सभेतही किती जणांस साधेल ह्याचा वाचकांनीच विचार करावा. सर्वांत कठीण परीक्षा वासाची. सारख्याच दिसणाऱ्या अनेक वस्तूंतून एकाच माणसाच्या हाताचा वास लागलेली वस्तू कुत्र्याने निवडून आणावयाची असते.

आता गुण कसे देतात ते पाहा. अमेरिकन नियमांप्रमाणे एकंदर २०० गुण असतात. उत्तीर्ण होण्यास १७० लागतात, आणि शिवाय प्रत्येक भागात निम्म्याहून अधिक मिळवावे लागतात. एका विषयात उत्तम गुण मिळवून दुसऱ्यातील नापासी झाकता येत नाही. परंतु गुण कापले जातात ते कशासाठी? दोरी ताणली, गुण गेले. एकदा सांगावयाचे ते दोनदा सांगितले, गुण गेले. हाक मारून झाल्यावर मान किंवा खांदा हलवून खूण केली, गुण गेले. कुत्र्यास हिसडा दिला किंवा त्याच्यावर खेकसले, तर स्पर्धेतून नावच जावयाची वेळ. ह्या यादीतील प्रत्येक अपराध धन्याचा आहे हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. चुकले माकले तर कुत्रा शेपटी हालवीत घरी जातो. रिंगणात उघडा पडतो तो धनी. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात स्वर्गाच्या दारी धर्मराजाची परीक्षा झाली, तीही एका कुत्र्याच्याच निमित्ताने. आणि तेव्हाही उत्तर द्यावयाचे होते ते माणसास.

धन्याच्या नकळत झालेल्या खुणेस इतके महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर एका घोड्याच्या गोष्टीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फोन ओस्टन नावाच्या निवृत्त शिक्षकाने हान्स नामक घोडा शिकविला होता. बेरीज-वजाबाकी विचारली की हान्स खूर आपटून अचूक उत्तर देई. पंडितांची समिती बसली, तिला लबाडी आढळली नाही. शेवटी ऑस्कर फुंग्स्ट ह्या संशोधकाने कसून प्रयोग केले आणि १९०७ साली त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. विचारणाऱ्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्यास दिसत नसला, की हान्सचे गणित बिघडे. बरोबर आकड्यास खूर पोहोचताच विचारणाऱ्याचे मस्तक किंचित हाले, आणि ते पाहून घोडा थांबे. शिक्षक महाशय अगदी प्रामाणिक होते. आपण खूण करतो आहोत हे त्यांस स्वतःसच ठाऊक नव्हते. कुत्रा तर हजारो वर्षे माणसाच्या तोंडाकडे पाहत जगत आला आहे. घोड्यास जे कळले ते त्यास का कळू नये? म्हणूनच अमेरिकेतील वासाच्या परीक्षेत वस्तू मांडताना धन्यास पाठ करून उभे करतात. ज्यास उत्तर ठाऊक नाही तो उत्तर सुचवू शकत नाही.

ही खबरदारी केवळ खेळापुरती आहे असे कोणी समजू नये. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे पोलीसखात्याच्या एका परिक्षेत्रात येतात. जिल्हा पोलिसांपाशी श्वानपथके असतात आणि पोलिसांच्या कर्तव्य मेळाव्यांत कुत्र्यांच्याही स्पर्धा होतात. ही कुत्री मोठी उपयोगी पडतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातील पोलिसांच्या रॉकी नामक कुत्र्याने तीनशेहून अधिक प्रकरणांत साहाय्य केले होते; २०२० साली तो वारला तेव्हा पोलिसांनी त्यास सन्मानाने निरोप दिला आणि पंतप्रधानांनी आपल्या नभोवाणीवरील भाषणात त्याचा उल्लेख केला. परंतु खेड्यात चोरी झाली, पथक आले, आणि कुत्रा वास घेत घेत एखाद्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसला, तर पुढे काय होते? पंचनामा पुरा होण्याच्या आत गाव त्या घरास चोराचे घर ठरवून मोकळे होते. कुत्रा तेथे स्वतःच्या नाकाने गेला, की त्याची दोरी धरणाऱ्या श्वानहस्तकाच्या मनात आधीच असलेल्या संशयाने त्यास तेथे नेले, हे मग कोणी विचारीत नाही.

हा संशय कल्पनेतला नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्रा व हस्तक अशा १८ जोड्यांस एका चर्चच्या इमारतीत शोध घ्यावयास लावले. तेथे मादक द्रव्य किंवा स्फोटक काहीही ठेवलेले नव्हते; परंतु हस्तकांस मात्र ते असू शकेल असे सांगितले होते, आणि काही ठिकाणी खूण म्हणून तांबडा कागद चिकटविला होता. हस्तकांनी ‘कुत्र्याने दाखविले’ असे दोनशेहून अधिक वेळा कळविले, आणि त्यात तांबड्या कागदाच्या जागांचा भरणा विशेष होता. कुत्र्यास तांबड्या कागदाचे काय होय! तो माणसास दिसत होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या एका खटल्यात १९६९ सालीच ह्या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, त्याचे म्हणणे त्याच्या माणसाच्याच तोंडून ऐकावे लागते, आणि मनुष्याचे जीवित व स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर टांगून ठेवणे बरे नव्हे, हे आक्षेप न्यायालयाने विचारात घेतले, आणि अशा पुराव्यास सामान्यतः फारसे वजन देता येत नाही असे ठरविले. एका निरपराध कुटुंबाची अब्रू अशा रीतीने दोरीच्या वरच्या टोकाशी असलेल्या हाताच्या संयमावर अवलंबून असते, आणि संयमाची ती परीक्षा आज्ञापालनाच्या रिंगणापासूनच सुरू होते.

येथे आमच्या कारवानीच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन ह्यांनी आज्ञापालनाच्या परीक्षकांची मते गोळा करून १९९४ साली जातींचा क्रम लावला, त्यात मेंढ्या राखणारा बॉर्डर कॉली पहिला आला आणि अफगाण हाउंड अगदी शेवटचा. अफगाण हाउंड व कारवानी हे एकाच पद्धतीचे, नजरेने शिकार करणारे कुत्रे. मग ते मूर्ख म्हणावयाचे काय? मेंढ्यांच्या कुत्र्यास शतकानुशतके धन्याच्या शिटीकडे कान ठेवून निपजविले. शिकारी कुत्र्यास मात्र धनी कोसभर मागे राहिला असता सशाच्या प्रत्येक वळणावर आपला निर्णय आपणच घ्यावा लागे. तो आज्ञेची वाट पाहत बसता तर शिकार केव्हाच निसटली असती. अशा कुत्र्याकडून जो धनी प्रेमाने व चिकाटीने ‘ये’ म्हणताच येण्याचा नेम पाळवून घेतो, त्याचे कौशल्य आम्ही दुप्पट समजू. आमच्या परीक्षकांनीही गुण देताना जात पाहावी ती एवढ्याचसाठी.

आता घराकडे वळू. वैश्वदेवात कुत्र्याचा भाग काढून ठेवणे आणि त्यास सोवळ्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवणे, ही दोन्ही आमच्या घरांची परंपरा. हल्ली पुष्कळ घरांत कुत्रा ओसरीवरून माजघरापर्यंत आला आहे. एकत्र कुटुंबात त्याची जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी असते. आजोबा म्हणतात ‘बैस’, काका म्हणतात ‘सिट’, मुले म्हणतात ‘खाली’. आणि आजी ‘बस, पुरे!’ म्हणून मुलांवर ओरडतात तेव्हा बिचारा कुत्राच आपल्यासाठी आज्ञा झाली असे समजून बसतो. पंगतीच्या वेळी धाकटा नातू चोरून पोळीचा तुकडा टाकतो, आणि त्याच ठिकाणी पुन्हा आला म्हणून थोरले बंधू काठी उगारतात. सर्वांत मोठा अन्याय असा, की कुत्रा सुटून पळाला, दहा हाकांनंतर परत आला, की त्यास बडवितात. त्याच्या समजुतीप्रमाणे हा मार पळाल्याबद्दल नसून परत आल्याबद्दल असतो. पुढच्या खेपेस तो येत नाही. आणि जो हाकेस येत नाही तो एखाद्या दिवशी रस्त्यावर मोटारीखाली येतो, किंवा शेजारच्या मुलास चावतो. मग घरची मंडळी एकमुखाने म्हणतात, कुत्राच वाईट निघाला. घरात पाच जण असोत वा पंचवीस. आज्ञेचा शब्द एक, तो एकदाच सांगावयाचा, आणि पाळला तर शाबासकी नेमाने द्यावयाची, एवढे तीन नियम सर्वांनी पाळले तर ह्यातील बहुतेक अनर्थ टळतील. मात्र ते आधी माणसांनी पाळावयाचे असल्यामुळे कठीण आहेत.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. माळेगावच्या यात्रेत श्वानप्रदर्शनाच्या शेजारीच दुसरे एक लहानसे रिंगण आखावे. त्यात परीक्षा तीनच ठेवाव्यात: यात्रेच्या गर्दीतून दोरी सैल ठेवून चालणे, हाक मारताच एकदाच्या हाकेस येणे, आणि ढोलाच्या आवाजात एक मिनिट स्थिर बसणे. ह्यास खर्च चुन्याच्या फक्कीचा व एका पंचाचा. गुणपत्रिकेवर मात्र दोन रकाने असावेत, एक कुत्र्याच्या नावाचा आणि एक धन्याच्या नावाचा. आणि निकाल वाचताना दुसरा रकाना आधी वाचावा. पहिल्या वर्षी पारितोषिके बहुधा शिल्लक राहतील. ती पुढील वर्षासाठी जपून ठेवावीत.