शेवटचा चेंडू

खेळात शेवटच्या क्षणाचे माहात्म्य मोठे मानतात. ज्याच्या हातून अखेरचा फटका साधला तो वीर आणि ज्याच्या हातून तो हुकला तो अपराधी, असा निवाडा मैदानाबाहेर बसलेले लोक क्षणात देऊन मोकळे होतात. यंदा वर्गावर्गांच्या सामन्यांत शेवटचा चेंडू वाया गेला म्हणून आमचा एक विद्यार्थी दोन दिवस मान वर करीना. घरीही 'तुझ्यामुळे हरलात' हेच त्यास ऐकावे लागले, असे आम्हांस कळले. तेव्हा या निवाड्याचा थोडा विचार विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावा असे वाटले.

प्रभादेवीहून चर्चगेटची गाडी धरली, तर वानखेडे मैदान एका घटकेच्या वाटेवर आहे. तेथे २५ मे २०१४ रोजी मुंबई इंडियन्स व राजस्थान रॉयल्स यांचा सामना झाला. बाद फेरीची एकच जागा उरली होती. राजस्थानने १८९ धावा केल्या. नुसते जिंकून मुंबईचे भागणारे नव्हते. धावगतीत पुढे जाण्यासाठी १९० धावा १४.३ षटकांत, म्हणजे ८७ चेंडूंत, होणे अवश्य होते. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ धावा केल्या. अंबाती रायुडूने केवळ १० चेंडूंत ३० धावा काढल्या. परंतु ८७व्या चेंडूवर विजयाची धाव घेताना तो धावबाद झाला. धावसंख्या १८९ वरच राहिली. सारे संपले असे पाहणारांस वाटले.

पण गणित संपले नव्हते. पुढच्या चेंडूवर एक धाव निघाली असती, तर ८८ चेंडूंत १९० धावा होऊन षटकामागे सरासरी १२.९५ पडली असती, आणि ती अपुरी होती. चौकार गेला असता, तर एकूण १९३ होऊन तीच सरासरी १३.१६ झाली असती. ८७ चेंडूंतील १९० धावांची सरासरी १३.१० होते, तिच्याहूनही ही अधिक! गणिताचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या मुलांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. रायुडूच्या जागी आदित्य तरे आला. सफाळ्यात जन्मलेल्या या फलंदाजाने जेम्स फॉकनरच्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारला आणि मुंबई बाद फेरीत गेली. राजस्थानचे मार्गदर्शक राहुल द्रविड यांच्यासारख्या शांत पुरुषानेही आपली टोपी जमिनीवर आपटली, ती याच वेळी.

आता प्रश्न असा की, हा विजय कोणाचा? लोक तरेचे नाव घेतात व ते योग्यच आहे. परंतु ८७व्या चेंडूवर चुकलेल्या रायुडूच्या ३० धावा वजा करा, म्हणजे ८८व्या चेंडूला काही अर्थ उरत नाही. जो चुकला त्याच्याच खांद्यावर उभा राहून दुसरा जिंकला. शिवाय त्या फटक्याने मुंबईस दिले काय? तीनच दिवसांनी ब्रेबॉर्न मैदानावर चेन्नईने मुंबईस हरवले व त्या वर्षीचे विजेतेपद कोलकात्यास गेले. शेवटचा फटका दार उघडतो. आत जाऊन घर जिंकण्याचे काम निराळेच असते. तरेच्या नेतृत्वाखाली मुंबईने फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्यात रणजी करंडक ४१व्यांदा जिंकला. ते यश एका चेंडूचे नव्हे, सबंध हंगामाच्या श्रमाचे होते.

याच्या उलट उदाहरणही घ्यावे. १२ मे २०१९ रोजी हैदराबादेतील अंतिम सामन्यात चेन्नईस शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. पालघरचा शार्दूल ठाकूर लसिथ मलिंगाच्या चेंडूवर पायचीत झाला आणि मुंबई एका धावेने जिंकली. त्याच तारखेस दूर टोरांटो नगरीत बास्केटबॉलच्या बाद फेरीत कवाय लेनर्डने वेळ संपता संपता फेकलेला चेंडू कड्यावर चार वेळा आपटून जाळीत पडला. त्याचा संघ ९२-९० असा जिंकला व पुढे प्रथमच अजिंक्य ठरला. एका खेळाडूवर दैव प्रसन्न झाले, दुसऱ्यावर रुसले. परंतु शार्दूलची कथा तेथे थांबली नाही. लहानपणी पालघरहून लोकलने मुंबईस सरावाला येणारा हा खेळाडू जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला उभा राहिला. त्याने पहिल्या डावात ६७ धावा केल्या, दोन्ही डावांत मिळून सात बळी घेतले, आणि भारताने तो कसोटी सामना व मालिका जिंकली. २०१९ च्या त्या एका चेंडूवरून त्याची किंमत ठरवणारे लोक किती चुकले असते!

तेव्हा आमचे मत असे की, शेवटच्या क्षणाने सामन्याचा निकाल बदलतो, इतिहासालाही क्वचित वळण मिळते. परंतु माणसाची योग्यता त्याने ठरत नाही. पालकांनी हे विशेषेकरून ध्यानात घ्यावे. मुलगा मैदानातून वा परीक्षेतून परत येतो, तेव्हा 'शेवटी काय झाले' एवढेच न विचारता 'आधीचे कसे खेळलास' हेही विचारावे. आणि ज्याचा चेंडू हुकला त्या आमच्या विद्यार्थ्यास एवढेच सांगणे आहे: बाळ, तो चेंडू शेवटचा होता, तो त्या सामन्यातला. मैदान उद्याही उघडे आहे, वेळेवर ये.